भाताची ढाल



भातसा नदीकाठच्या या खडवली परिसरात पावसाच्या ओलीवर भात पोसते. परंतु हीच ओल करपा रोगाच्या बुरशीलाही पोषक ठरते. भातरोगाचा घाला किती दूरवर पोहोचतो, याची साक्ष बंगालने दिली आहे. तेथे १९४२ साली तपकिरी ठिपक्यांच्या रोगाने भातपिकाची मोठी हानी झाली. १९४३ च्या भीषण दुष्काळाच्या कारणांत तिचीही गणना होते.

करप्याचा बीजाणू वाऱ्याबरोबर येऊन ओल्या पानाला चिकटतो, रुजतो आणि मोटारीच्या चाकातील हवेच्या सुमारे चाळीसपट दाबाने पानाची त्वचा भेदतो. पानांवर दोन्ही टोकांस निमुळते, मध्यभागी राखी रंगाचे ठिपके पडतात. लोंबीची मान ग्रासली गेल्यास दाणे पोचट राहतात आणि वर्षाची मेहनत वाया जाते.

पीक मात्र निराधार नसते. भात जमिनीतील सिलिका शोषून पानांच्या त्वचेत साठविते. तीच त्याची ढाल होय. ही ढाल भेदली गेली, तरी प्रतिकारक्षम वाणात बुरशीच्या वाटेवरील पेशी स्वतःच मरतात आणि बुरशी तेथेच कोंडली जाते. वणवा अडविण्यासाठी जंगलात जाळरेषा काढतात, तसाच हा प्रकार आहे.

मग पीक हरते केव्हा? युरियाचा अवाजवी वापर झाला की पाने लुसलुशीत होतात आणि हे संरक्षण ढिले पडते. शिवाय बुरशीही रूप बदलते. आज टिकणारा वाण उद्या बळी पडू शकतो. म्हणूनच १९१९ साली स्थापन झालेल्या कर्जतच्या भात संशोधन केंद्रासारख्या ठिकाणी नव्या वाणांचा शोध थांबविता येत नाही.

ढाल मजबूत करण्याचे साधन गावातच आहे. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीत भाताच्या तुसाची काळी राख रोपवाटिकेत दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो मिसळतात. भातगिरण्यांतील तूस वाया जाऊ न देता त्याची राख शेतकऱ्यांना मिळवून देणे पंचायतीस सहज शक्य आहे. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून तरंगणारे पोचट बियाणे वेगळे कसे काढावे, हे शिक्षकांनी विद्यार्थ्यांकरवी दाखवावे. युरिया हप्त्याहप्त्याने व प्रमाणातच द्यावा, हे कृषी कर्मचाऱ्यांनी बांधावर जाऊन पटवावे.

फवारणी हा अखेरचा उपाय होय. पिकाचे रक्षण पेरणीपूर्वीच सुरू झाले पाहिजे.