पुस्तक आणि पटांगण



कॉलेजांत गेलेल्या मुलाला खेळाचा नाद लागला कीं घरांतील वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. 'आतां परीक्षा बुडाली,' हें त्यांचें भाकीत ठरलेलें! आयुष्य शिक्षकींत घालविलेल्या माझ्यासारख्यानें ही भीति अगदींच निराधार म्हणूं नये. परंतु दोष खेळाचा कीं वेळेच्या बेशिस्तीचा, याचा निवाडा प्रथम झाला पाहिजे.

इंग्लंडचे रॉजर बॅनिस्टर लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयांत वैद्यक शिकत होते. धांवण्याच्या सरावाला त्यांना मिळे ती बहुधा दुपारच्या जेवणाची सुट्टी. ६ मे १९५४ रोजीं सकाळीं रुग्णालयांतील काम आटोपून ते ऑक्सफर्डला गेले, आणि सायंकाळीं एक मैलाचें अंतर त्यांनीं ३ मिनिटें ५९.४ सेकंदांत कापलें. चार मिनिटांच्या आंत मैल धांवणारे ते पहिलेच. पुढें मज्जाविकारांचे तज्ज्ञ म्हणून त्यांनीं लौकिक मिळविला. त्यांचा सराव थोडा होता, पण त्या वेळेंत दुसरें कांहीं नसे.

मात्र हा सारा भार एकट्या विद्यार्थ्याच्या माथीं मारून चालणार नाहीं. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजांत शिकलेले खाशाबा जाधव १९५२ सालीं हेलसिंकीच्या ऑलिंपिकला निघाले, तेव्हां प्रवासखर्चाला पैसा पुरेना. त्या कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं स्वतःचें घर गहाण टाकून ७००० रुपये दिले. खाशाबांनीं कुस्तींत कांस्यपदक आणलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

असे गुरु विरळा. ढाल जिंकणाऱ्या खेळाडूला खांद्यावर घेऊन नाचणें सोपें. त्याचे बुडालेले तास भरून काढण्याची तजवीज किती कॉलेजें करतात? दुखावलेल्या गुडघ्यानें खेळ एका दिवसांत संपतो. मग हातीं पदवीहि नसेल, तर त्या तरुणानें कोणाच्या तोंडाकडे पाहावें?

विद्यार्थीमित्रांनो, सामन्यांचें आणि परीक्षांचें वेळापत्रक वर्षारंभींच शेजारीं शेजारीं मांडा. जेथें दोन्ही एकमेकांवर येतात, तेथील अभ्यास आधींच उरका. परगांवच्या सामन्याला जातांना एक पुस्तक बरोबर असूं द्या. आणि झोपेंतून वेळ चोरूं नका, कारण तिची वसुली मैदान आणि परीक्षा दोन्हीकडे होते.

पालकांना एवढीच विनंति. मुलगा मैदानावरून परत आला म्हणजे 'किती धांवा केल्यास?' असें विचारा. आणि 'आज कोणता तास बुडाला, तो केव्हां भरून काढशील?' हेंहि विचारा. दोन्ही प्रश्न सारख्याच आपुलकीनें विचारले गेले, तर त्याला दोहोंपैकीं एकहि उत्तर लपवावें लागणार नाहीं.