कावड वाहणाऱ्याचा खांदा
(धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगीं केलेलें भाषण)



ज्यांनीं हा धर्मग्राम कष्टानें उभा केला, त्या वडीलधाऱ्या मंडळींचें आज आपण कृतज्ञतेनें स्मरण केलें. त्यांतील पुष्कळ प्रभूच्या घरीं गेले. कांहीं अद्यापि हयात आहेत. परंतु ते या मंडपांत दिसत नाहींत, कारण ते घरीं खाटेवर आहेत. आणि त्यांच्या उशाशीं कोणीतरी बसलें आहे, म्हणून तें माणूसही आज येथें येऊं शकलें नाहीं. मला जे दोन शब्द बोलावयाचे आहेत, ते मुख्यतः या दुसऱ्या माणसाविषयीं आहेत.

लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतील आपल्या वृद्धांचे सरकारी मदतीचे अर्ज भरून देण्याचें काम मी कांहीं वर्षें यथाशक्ति करीत आलों आहें. तेव्हां सरकार काय देतें, हें प्रथम सांगतों. महाराष्ट्र सरकारची ‘श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना’ ६५ वर्षें व त्यापुढील निराधार वृद्धांसाठीं आहे. तिचें मासिक वेतन २०१९ सालीं १,००० रुपये व २०२३ सालीं १,५०० रुपये करण्यांत आलें. त्याहून लहान वयाच्या निराधार विधवा, अपंग व दुर्धर रोगानें ग्रासलेले यांच्याकरितां ‘संजय गांधी निराधार अनुदान योजना’ आहे. अर्ज तहसील कचेरींत जातो. त्यास वयाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, आधार कार्ड व बँकेचें पासबुक जोडावें लागतें. पुढें दरवर्षीं हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो न दिल्यानें जिवंत माणसाचें वेतन बंद पडल्याचें मीं एकदां नव्हे, अनेकदां पाहिलें आहे. आपल्या घरांतील वृद्धाचा दाखला गेला कीं नाहीं, हें कृपा करून आजच घरीं जाऊन पाहावें.

या योजनेस उत्पन्नाची मर्यादा घातली आहे, ती संबंध कुटुंबास वर्षाला २१,००० रुपयांची. हिशोब केला तर दिवसास साठ रुपयेही पडत नाहींत. उदगीर, निलंगा, देगलूर, मुखेड येथील घरांघरांतून मुलगे पुण्यामुंबईस कामाला गेले आहेत. मुलगा चार पैसे मिळवूं लागला कीं घर मर्यादेबाहेर जातें. पण त्याच मुलानें गांव सोडल्यामुळें म्हातारीस उठवून बसविणारा हातही घरांतून जातो. म्हणजे एकाच कारणानें वेतनही जातें आणि आधारही जातो.

बरें, वेतन मिळालें, तरी पुढें काय? दरमहा १,५०० म्हणजे दिवसाचे पन्नास रुपये. त्यांत औषधाची एखादी पट्टी येईल, नाहीं तर मोठ्या माणसाचें एखादें डायपर येईल. दिवसपाळीची मावशी ठेवूं म्हटलें, तर तिला एका दिवसालाच याच्या कित्येक पट द्यावे लागतात. २०२४ सालीं ७० वर्षांवरील सर्वांस आयुष्मान भारत योजनेंतून वार्षिक पांच लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय झाली, ही मोठी गोष्ट आहे. पण ती रुग्णालयांत दाखल होण्यासाठीं आहे, घरीं वर्षानुवर्षें चालणाऱ्या शुश्रूषेसाठीं नाहीं. २००७ च्या कायद्यानें आईबापांचा निर्वाह करणें हें मुलामुलींवर बंधनकारक केलें, आणि न्यायाधिकरणास दरमहा दहा हजारांपर्यंत रक्कम ठरविण्याचा अधिकार दिला. तथापि हुकुमानें पैसा येईल. रात्रीं दोन वाजतां कूस बदलून देणारा हात हुकुमानें येत नाहीं.

हें मला फार उशीरां उमगलें, आणि तें एका सुनेनें शिकविलें. तिच्या सासूबाईंचा पहिला हप्ता जमा झाला, तेव्हां मी मोठ्या समाधानानें पासबुक घेऊन त्यांच्या घरीं गेलों. सासूबाई अर्धांगानें चार वर्षें अंथरुणास खिळलेल्या. सूनबाईंनीं चहा दिला आणि शांतपणें विचारलें, “भाऊ, सासूबाईंचे पैसे आले, देवाची कृपा. पण मला एका रात्रीची झोप मिळेल, असा कांहीं अर्ज असतो का?” मजपाशीं उत्तर नव्हतें. तिला विचारतां कळलें कीं २०१६ च्या उन्हाळ्यांत, लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी येत होतें तेव्हां, ती आपल्या वांट्याच्या घागरींतून आधीं सासऱ्यांच्या चादरी धुवीत असे. सासऱ्यांच्या मागून सासूबाई. दर पहिल्या शुक्रवारीं फादर सासूबाईंसाठीं कम्युनियन घेऊन येत; परंतु सूनबाई स्वतः तीन वर्षें रविवारच्या मिस्साला आली नव्हती. तिची जागा रिकामी आहे, हें आपल्यापैकीं कोणाच्या लक्षांत आलें होतें?

श्रावणबाळाची कथा आपल्या देशांत घरोघर ठाऊक आहे. अंध मातापित्यांस कावडींत बसवून वाहणारा तो पुत्र. सरकारनें योजनेस नांव दिलें तें वाहणाऱ्याचें. वेतन दिलें तें कावडींत बसलेल्यांस. तें योग्यच आहे. परंतु ज्या खांद्यावर ती कावड आहे, त्या खांद्याची नोंद कोणत्याच वहींत नाहीं.

कोणी म्हणेल, आईबापांचा मान राखावा ही देवाची चौथी आज्ञा. तिच्या पालनाचा मोबदला मागणें शोभतें का? बंधूंनो, आज्ञा सर्व मुलांस आहे, भार मात्र एकावरच पडतो. आणि बहुधा तें मूलही नसतें, परघरांतून आलेली सून असते. तिच्या श्रमाची दखल घेतल्यानें तिचें प्रेम विकलें जात नाहीं. जर्मनींत १९९५ पासून शुश्रूषेचा विमा आहे. त्यांतून घरीं सेवा करणाऱ्या कुटुंबास रोख रक्कम घेतां येते, व सेवा करणाऱ्या नातेवाइकाच्या पुढील निवृत्तिवेतनाची वर्गणीही भरली जाते. तो देश श्रीमंत आहे, म्हणून सोडून द्या. पण आपल्याच देशांत केरळ सरकारनें ‘आश्वासकिरणम्’ योजनेंतून खिळलेल्या रुग्णाची सेवा करणाऱ्या माणसास दरमहा ६०० रुपये ठरविले. रक्कम अल्प, परंतु ती रुग्णाच्या नव्हे, सेवा करणाऱ्याच्या नांवें आहे. अशी तरतूद महाराष्ट्रांतही व्हावी, असें निवेदन आपल्या लोकप्रतिनिधींस आपण सर्वांनीं मिळून द्यावें, ही माझी पहिली विनंती.

दुसरी विनंती सरकारला नाहीं, आपणांस आहे. अशा प्रत्येक घरासाठीं चार कुटुंबांनीं महिन्यांतील एकेक रविवार वांटून घ्यावा. दोन तास खाटेजवळ बसावें, पाणी पाजावें, कूस बदलावी, आणि त्या घरच्या माणसास मिस्साला पाठवावें. त्यास तहसीलदाराची सही लागत नाहीं, उत्पन्नाचा दाखला लागत नाहीं.

त्या सूनबाईच्या घरीं पुढील रविवारीं मी व माझी पत्नी जाणार आहों. बाकीचे तीन रविवार अद्यापि रिकामे आहेत. सभा संपल्यावर मी दाराशीं वही घेऊन उभा राहीन.