कपाळावरची आठी

मध्यंतरी माझ्या दवाखान्यात एक शिक्षिका आल्या. "डॉक्टर, मी रागावलेली नसले तरी मुलं घाबरतात हो. ही आठी घालवा."

बोटॉक्स हे मूळचं डोळ्यांच्या विकारावरचं औषध. कॅनडात व्हँकुव्हरला १९८७ मध्ये डॉ. जीन कॅरथर्स पापण्या सारख्या मिटणाऱ्या रुग्णांना ते टोचत. एका बाईंनी भुवयांमध्येही टोचायचा हट्ट धरला. तिथं टोचलं की चेहरा निवांत दिसतो, हे त्यांनीच हेरलं होतं!

हे विष मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत पोचू देत नाही. परिणाम तीन-चार महिने. पार्लरमध्ये मात्र टोचून घेऊ नका. जागा चुकली तर पापणी लोंबते.

बाईंनी विचारलं, "म्हणजे खरंच रागावले, तरी मुलांना कळणार नाही?"

"कपाळावरून तरी नाही."

विचार करून येते म्हणाल्या. अजून आलेल्या नाहीत.