नकाशांची सामाईक लिपि

नकाशा म्हटला म्हणजे शाळेच्या भिंतीवर टांगलेला रंगीत कागद अनेकांच्या डोळ्यांपुढें उभा राहतो. आतां मात्र नकाशा प्रथम आंकड्यांत असतो आणि मागाहून चित्रांत येतो. भूपृष्ठावरील कोणतेंहि स्थळ रेखांश व अक्षांश अशा दोन आंकड्यांनीं सांगतां येतें. अशा असंख्य जोड्या जुळवून संगणक रस्ता, नदी किंवा गांवाची शीव रेखाटतो.

हे आंकडे कोणत्या क्रमानें व कोणत्या खुणांनीं लिहावे, याचा संकेत अगोदर ठरलेला असला पाहिजे. या संकेतालाच फॉर्मॅट, म्हणजे मांडणी, असें म्हणतात. श्रोत्यांनीं हैती देशाची राजधानी पोर्ट-औ-प्रिन्स हिचें उदाहरण घ्यावें. तिचा रेखांश पश्चिमेस ७२.३४ व अक्षांश उत्तरेस १८.५४ आहे. पश्चिम दिशा वजा चिन्हानें दाखवितात. लिहिणाऱ्यानें रेखांश प्रथम लिहिला आणि वाचणाऱ्यानें तोच अक्षांश समजला, तर ती नगरी अंटार्क्टिकाच्या बर्फावर जाऊन पडेल. वजा चिन्हाचा अर्थ न उमगल्यामुळें कोणी तें गाळलें, तर ती रायगड जिल्ह्यांतील रेवदंड्याच्या पश्चिमेस सुमारें साठ किलोमीटरांवर अरबी समुद्रांत बुडेल!

संकेत ठरला, तरी तो सर्वांस ठाऊक हवा. पुण्याच्या पेशवे दप्तरांत मोडींतील लक्षावधि कागद सुरक्षित आहेत. पण मोडी वाचणारे थोडे, म्हणून त्यांतील पुष्कळसा मजकूर मुका राहिला आहे. मोडी निदान शिकतां तरी येते. बंदिस्त मांडणी ही अशी लिपि कीं, तिची बाराखडी एकाच कंपनीच्या तिजोरींत असते. ती कंपनी बुडाली किंवा तिनें आपला प्रोग्रॅम बदलला, तर नकाशा जवळ असूनहि वाचतां येत नाहीं. खुली मांडणी म्हणजे जिची बाराखडी छापून सर्वांच्या हातीं दिली आहे अशी लिपि.

या लिपीचें मोल त्याच पोर्ट-औ-प्रिन्समध्यें कळून आलें. १२ जानेवारी २०१० रोजीं, सायंकाळीं पांच वाजावयास सात मिनिटें असतां, हैतीस भूकंपाचा प्रचंड धक्का बसला. देशोदेशींचीं मदतपथकें धांवून आलीं. पण ढिगाऱ्यांच्या त्या नगरींत कोणता रस्ता कोठें जातो, हें सांगेल असा पुरेसा नकाशा त्यांच्याजवळ नव्हता. स्टीव्ह कोस्ट यांनीं २००४ सालीं ब्रिटनमध्यें सुरू केलेला ओपनस्ट्रीटमॅप हा लोकनकाशाचा उपक्रम तेव्हां कामास आला. उपग्रहांच्या मालक कंपन्यांनीं ताजीं छायाचित्रें खुलीं केलीं. नाना देशांतील शेंकडों स्वयंसेवक आपापल्या घरीं संगणकापुढें बसले व तीं पाहून रस्ते, पडलेल्या इमारती आणि निराश्रितांच्या छावण्या नोंदूं लागले. कांहीं दिवसांतच राजधानीचा तपशीलवार नकाशा तयार झाला. मांडणी खुली असल्यामुळें तो पथकांच्या हातांतील जीपीएस यंत्रांत उतरवितां आला, कचेरींतील संगणकावर उघडतां आला आणि कागदावर छापतांहि आला. त्यासाठीं निराळी परवानगी मागावी लागली नाहीं.

अशा मांडण्या आज अनेक आहेत. एस्री या अमेरिकन कंपनीची शेपफाइल मूळची खासगी. पण कंपनीनें तिचें वर्णन १९९८ सालीं प्रसिद्ध केलें आणि ती सर्वत्र पसरली. तिच्यांत एकाच नकाशाच्या किमान तीन फाइली होतात व त्यांतील एक हरवली तरी नकाशा पंगु होतो. रकान्याच्या नांवास रोमन लिपींत दहाच अक्षरें मिळतात; देवनागरींत तर जेमतेम तीन. ओपन जिओस्पेशियल कन्सॉर्शियम या संस्थेनें २०१४ सालीं आणलेल्या जिओपॅकेजमध्यें सारा नकाशा एकाच फाइलींत राहतो. २००८ सालीं तयार झालेल्या आणि २०१६ सालीं इंटरनेटच्या मानकांत नियमबद्ध झालेल्या जिओजेसनमध्यें प्रथम रेखांश, मग अक्षांश, हा क्रम स्पष्ट लिहून ठेविला आहे. ती साध्या अक्षरांत असल्यामुळें माणसालाहि वाचतां येते.

खुली मांडणी स्वीकारली म्हणजे सारी माहिती जगजाहीर होईल, अशी शंका कित्येकांस येते. ती निराधार आहे. बाळबोध लिपि सर्वांस येते म्हणून कोणी खासगी पत्र चव्हाट्यावर मांडीत नाहीं. काय दाखवावें हा धोरणाचा प्रश्न. कसें लिहावें हा मांडणीचा.

भारत सरकारनें १५ फेब्रुवारी २०२१ रोजीं मार्गदर्शक तत्त्वें जाहीर करून भारतीय व्यक्ति व संस्था यांना नकाशे तयार करण्यास लागणाऱ्या पूर्वपरवानगीची अट काढून टाकली. परंतु परवानगीचें दार उघडलें म्हणजे लिपीची अडचण सुटली असें नाहीं. शहरांत पाण्याच्या नळांचा नकाशा एका खात्याकडे, विजेच्या तारांचा दुसऱ्याकडे व रस्त्यांचा तिसऱ्याकडे असतो. हे तीन नकाशे एकावर एक ठेवतां आले नाहींत, तर जमिनीखालचा नळ प्रथम कुदळीलाच सांपडतो! म्हणून नगरपालिका लोकांच्या पैशानें नकाशा करवून घेते तेव्हां तो कोणत्या मांडणींत हातीं पडणार, हें करारपत्रांतच लिहून घेतलें पाहिजे. संकटाच्या दिवशीं तें विचारावयास कोणालाहि सवड नसते.