कॅमेरा कोणाच्या हाती?

(वार्षिक मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आपल्या कामाची एक फिल्म करावी, ती मंडळ्यांमध्ये दाखवावी, म्हणजे वस्त्यांवरच्या मुलांच्या शिक्षणासाठी मदत वाढेल, अशी सूचना आली आहे. सूचना चांगली आहे. मला एवढंच विचारायचं आहे, की ती फिल्म कोण करणार?

सातारा-सांगलीकरांना शूटिंग नवं नाही. वाईजवळच्या मेणवलीचा घाट 'स्वदेस'मध्ये (२००४) उत्तरेतल्या गावाचा घाट झाला. पाचगणीच्या शाळेत 'तारे जमीं पर' (२००७) चित्रित झाला आणि डिस्लेक्सिया हा शब्द घरोघरी पोहोचला. 'जोगवा'ने (२००९) देवीला सोडलेल्या, साडी नेसायला लावलेल्या जोगत्याचं दुःख दाखवलं. हे तिन्ही चित्रपट मला आवडतात. त्यांनी समाजाची नजर बदलली. पण ज्यांची गोष्ट, ते सांगणारे नव्हते. दुसरं कोणीतरी त्यांच्याविषयी बोलत होतं.

हे वेगळ्या रीतीनेही करता येतं. १९६७ साली कॅनडाच्या फोगो बेटावर कोळ्यांची गावं उठवायचा विचार चालला होता. कॉलिन लो या दिग्दर्शकाने तिथे लोकांसोबत २७ लघुपट केले. चित्रित झालेलं आधी त्या माणसांनाच दाखवलं. नको असेल ते काढायचा हक्क त्यांना दिला. मग ते शेजारच्या गावांत आणि सरकारपुढे दाखवलं. लोक एकमेकांचं म्हणणं ऐकू लागले, त्यांनी सहकारी संस्था उभी केली आणि ते बेटावरच राहिले.

आपल्याजवळचं उदाहरण अहमदाबादच्या छारानगरचं. १८७१पासूनच्या कायद्यांनी ज्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला, त्यांत आपले पारधी होते, तसे छाराही. तिथल्या तरुणांनी १९९८ मध्ये बुधन थिएटर सुरू केलं. त्यातले दक्षिण बजरंगे पुढे स्वतः चित्रपट करू लागले. आपल्या सांगलीत वेश्या अन्याय मुक्ती परिषदेच्या स्त्रियांनी सुषमा देशपांडे यांच्यासोबत नाटक बसवलं आणि त्यात कामंही स्वतःच केली. जाणकाराची मदत होती, पण आवाज त्यांचाच होता.

मागे एका वस्तीवर फिल्मवाले आले होते. एका आईला त्यांनी तीनदा रडायला लावलं. ते गेल्यावर तिने मला विचारलं, "ताई, माझी पोरगी धाव्वी पास झाली, ते का न्हाई घेतलं?" तिच्या दृष्टीने सांगण्यासारखी गोष्ट ती होती.

यरीहोच्या वाटेवरचा बार्तीमय आठवा. तो आंधळा आहे हे सर्वांना दिसत होतं. लोक त्याला गप्प करत होते. तरीही प्रभूने त्याला जवळ बोलावून, तुला काय हवं, हे आधी विचारलं.

म्हणून माझी विनंती अशी. वस्तीवरच्या चार-पाच तरुणांना आपण मोबाईलवर चित्रीकरण आणि संकलन शिकवू या. काय दाखवायचं हे त्यांनी आणि वस्तीने ठरवावं. कातकरी कुटुंब आपल्या बोलीत बोलेल, आपण खाली मराठी ओळी देऊ. फिल्म पहिल्यांदा वस्तीवर दाखवू. कोणी नको म्हटलं, तर तेवढा भाग निघेल. लहान मुलांचे रडवेले चेहरे घेणार नाही. एखादं मूल स्वमग्न असेल, त्याला गोंगाट सोसत नसेल, तर त्याच्या कलाने घेऊ. बोलण्याऐवजी चित्रं काढेल, तर चित्रं घेऊ. कोणी तृतीयपंथी असेल, तर कोणतं नाव द्यायचं, चेहरा दाखवायचा की नाही, हे तिला किंवा त्याला विचारू. चेहरा दिसल्याने घराबाहेर काढलं जाऊ शकतं, हे आपण विसरू नये. आणि काम करणाऱ्यांना मेहनताना मिळावा, फिल्मवर त्यांची नावं यावीत.

याला वेळ लागेल. नाताळापर्यंत फिल्म होणार नाही. डोळ्यांत पाणी आणणारी दृश्यं नसल्याने वर्गणी थोडी कमीही येईल. पण त्या आईला आणि तिच्या मुलीला आपल्या शेजारी बसून ती फिल्म मान वर करून पाहता आली पाहिजे. कार्यकारिणीने ठराव करताना एवढं ध्यानात घ्यावं.