उपगूहन, स्थितीकरण आणि व्यसनात सापडलेला तरुण



सप्तव्यसनांचा त्याग हा श्रावकाचाराचा पाया होय. पाठशाळेतील बालकासही ती सात नावे मुखोद्गत असतात. म्हणूनच की काय, 'जैनांच्या घरात असले काही नसते' असे मोठ्या विश्वासाने बोलले जाते. हा विश्वासच पुष्कळदा घात करतो. कारण ज्या घरी असे काही घडते, तेथील आई-वडील लोकलज्जेने दार लावून घेतात आणि उपचार वर्षानुवर्षे लांबतो.

आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात उपगूहनासाठी जिनेंद्रभक्त श्रेष्ठीचे आणि स्थितीकरणासाठी वारिषेणाचे नाव येते. श्रेष्ठीने चोराचा दोष चारचौघांत झाकला, पण त्याचे कृत्य खपवून घेतले नाही. वारिषेण मुनींनी डळमळलेल्या पुष्पडालास झिडकारले नाही. पुन्हा मार्गावर आणले. तरुणांसाठी साहाय्यकेंद्र उभारताना ही दोन अंगे पुरेशी मार्गदर्शक आहेत.

अशा केंद्राची जागा मंदिराच्या आवारात नसावी. तेथे पायरी चढणारा मुलगा सर्वांच्या ओळखीचा असतो. प्रथम भेट घेणारी व्यक्ती वयाने थोडीच मोठी, ऐकून घेणारी हवी, उपदेशक नको. नाव, गाव, वडिलांचा व्यवसाय हे पहिल्याच दिवशी विचारण्याचे कारण नाही. आणखी एक गोष्ट काहींना रुचणार नाही, तरी सांगणे आवश्यक आहे. पहिल्या भेटीतच आजन्म त्यागाचा नियम देऊ नये. नियम मोडला की तो मुलगा परत तोंड दाखवीत नाही, आणि व्यसन हा पुनःपुन्हा उलटणारा आजार असल्याने तसे घडण्याचा संभव मोठा असतो. ज्यास दीर्घकाळ अतिमद्यपानाची सवय आहे, त्याने ते एकाएकी बंद केल्यास झटके येऊन प्राणावर बेतू शकते. तेथे निग्रहाआधी वैद्य हवा.

पुण्यात डॉ. सुनंदा व अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण उभे केले, त्यास पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांचे आर्थिक पाठबळ लाभले. रुग्णांच्या पत्नींसाठी तेथे 'सहचरी' हा गट चालतो. हे फार महत्त्वाचे. घरचे माणूस खचले तर घरी परतलेल्या मुलास आधार कोणाचा? पालकांचाही असा गट हवा, त्यात मातांइतकेच पित्यांनीही बसावे. (पिते सहसा दुकानाचे निमित्त सांगतात.)

पोलिसांच्या भीतीनेही अनेकजण मागे राहतात. अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्यातील कलम ६४-अ अन्वये, अल्प प्रमाणाच्या वा सेवनाच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचारास गेला, तर त्यास खटल्यापासून संरक्षण मिळते; मात्र उपचार पूर्ण केले पाहिजेत. केंद्र शासनाच्या १४४४६ या निःशुल्क क्रमांकावर नाव न सांगताही बोलता येते. हा क्रमांक पाठशाळा, वसतिगृह आणि धर्मशाळेच्या फलकावर, दात्यांच्या नावांच्या वर लिहिला जावा.