टिकटिक करणारा डबा
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मला 'संगणक क्षेत्रातील संधी' या विषयावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं होतं. आपण सगळे पंचेचाळिशीच्या पुढे-मागे आहोत. आता संधी मुलांना, आपल्याला गुडघेदुखी. त्यामुळे संयोजकांची माफी मागून मी विषय बदलते. आज सकाळपासून बाहेरच्या व्हरांड्यात तुम्ही जे फोटो बघताय आणि एकमेकांना ढोसून हसताय, ते फोटो या वर्षी जवळजवळ गेले होते. ती गोष्ट सांगते. त्यात माझी एक चूकही आहे. ती सरांना माहीत आहे, तुम्हाला नाही.

आपले चित्रकलेचे सर समोर पहिल्या रांगेत बसले आहेत. सरांच्या गळ्यात कायम कॅमेरा असायचा. स्नेहसंमेलन असो, सहल असो, पंधरा ऑगस्टची कवायत असो. ३६ फोटोंचा रोल, स्वतःच्या पगारातून. निवृत्तीनंतर सरांनी एक स्कॅनर घेतला आणि रोज संध्याकाळी वीस-पंचवीस फोटो स्कॅन करून, प्रत्येकाला वर्ष, प्रसंग आणि मुलांची नावं देऊन संगणकात ठेवायला सुरुवात केली. पुढे संगणक भरला, म्हणून बाहेरून जोडायची एक हार्ड डिस्क घेतली आणि सगळं तिच्यात हलवलं. हलवलं म्हणजे संगणकातून काढून टाकलं. हे लक्षात ठेवा.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. त्या महापुराबद्दल सांगलीकरांना मी काय सांगणार! आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. सरांचं घर गावभागात. वरच्या मजल्यावरचा संगणक वाचला, पण खालच्या कपाटातले अल्बम आणि निगेटिव्हच्या पाकिटांचा लगदा झाला. काकूंनी सांगितलं की सर त्या लगद्यातून फोटो सोडवत आठवडाभर अंगणात बसले होते. एकही धड निघाला नाही. म्हणजे त्या दिवसापासून आपल्या शाळेची वीस-बावीस वर्षं एका हाताच्या पंजाएवढ्या डब्यात होती, आणि त्याची दुसरी प्रत जगात कुठेही नव्हती.

या वर्षी स्मरणिकेसाठी फोटो हवेत म्हणून मी सरांना फोन केला. दोन दिवसांनी त्यांचा उलट फोन आला. "अगं, तो डबा नुसता टिकटिक करतोय. आणि संगणक विचारतोय, फॉरमॅट करू का?"

माझ्या पोटात गोळा आला. "सर, तुम्ही काय दाबलंत?"

"काही नाही. न कळणाऱ्या कागदावर सही करायची नाही, हे तुम्हाला मीच शिकवलंय ना!"

सरांनी तिथे 'हो' दाबलं असतं तर पुढचं काम फार अवघड झालं असतं. संगणकाला डिस्कवरची मांडणी वाचता आली नाही की तो तिला कोरी समजतो आणि नव्याने आखायची परवानगी मागतो. तो दुष्ट नाही, पण त्याला आत काय आहे याची कल्पना नसते.

शनिवारी मी पुण्याहून सांगलीला आले. सरांचा संगणक पंधरा वर्षांहून जुना, त्यात विंडोज एक्सपी. डिस्क डब्याच्या पुढच्या बाजूला लावलेली. कान लावून ऐकलं. फिरायला सुरुवात व्हायची, दोनदा टिक टिक, मग गप्प. पुन्हा सुरुवात, पुन्हा टिक टिक.

अशा डिस्कला स्वतःची वायर नसते. फिरण्यासाठी लागणारी वीजही ती यूएसबीच्या केबलमधूनच घेते. जुन्या यूएसबी जोडणीतून ५०० मिलिअँपिअर मिळतील असं ठरलेलं असतं, आणि आतली तबकडी उभी राहून मिनिटाला ५४०० फेऱ्यांचा वेग घेईपर्यंत तिला बऱ्याचदा त्याहून जास्त लागतं. त्यात पुढच्या बाजूची जोडणी आतून लांब, बारीक तारांनी आलेली, पंधरा वर्षांत सैल झालेली. मोटारसायकल थंडीत किक मारल्यावर फुरफुरते आणि बंद पडते, तसं चाललं होतं. मी संगणक वळवला आणि डिस्क मागच्या बाजूला, थेट मुख्य बोर्डावरच्या जोडणीत, आखूड नव्या केबलने लावली. टिकटिक थांबली. दिवा स्थिर झाला. पडद्यावर फोल्डर दिसले. १९८८, १९८९, १९९०... काकूंनी लगेच शिरा टाकला.

आणि इथे मी चूक केली.

माझ्या हाताखालच्या मुलांना मी नेहमी सांगते की आजारी डिस्कवर काम करायचं नाही. आधी तिची जशीच्या तशी नक्कल उतरवायची आणि डिस्क बाजूला ठेवायची. पण फोल्डर दिसले, सर खुर्ची ओढून शेजारी बसले, आणि मला वाटलं, वीजच कमी पडत होती, बाकी काही नाही. मी सगळे फोल्डर निवडले आणि ते संगणकावर उतरवायला लावले. चाळीस मिनिटं सुरळीत गेली. मग एका फोटोवर गाडी अडली. संगणक तीच जागा पुन्हा पुन्हा वाचायला बघत होता. मी थांबवायला हवं होतं. मी शिरा खात होते. पाच-सात मिनिटांनी डिस्क गरम झाली आणि तोच आवाज पुन्हा आला, टिक टिक. फोल्डर नाहीसे झाले.

दोन आजार होते. विजेचा मी ओळखला. दुसरा, म्हणजे तबकडीवरचे काही भाग खराब झाले होते, तो मी तपासलाच नाही. डिस्कची स्वतःची एक नोंदवही असते, त्यात वाचता न येणाऱ्या जागांचा आकडा असतो. दोन मिनिटांचं काम होतं.

मी डिस्क काढली. सर काही बोलले नाहीत. चित्र बिघडल्यावर ते जसे शेजारी उभे राहायचे, तसे उभे राहिले. मग म्हणाले, "ओल्या रंगावर पुन्हा ब्रश फिरवायचा नाही. वाळू दे." दहावीतल्यासारखी माझी मान खाली.

शेजारचा एक मुलगा म्हणाला, डिस्क दुरुस्त करायची विंडोजची आज्ञा चालवा. तीही मी चालवली नाही. ती मांडणी सुधारते, पण सुधारताना त्याच आजारी तबकडीवर लिहिते. कोणी म्हणालं, फ्रीजमध्ये ठेवा. तेही करू नका. बाहेर काढल्यावर आत बाष्प धरतं.

डिस्क टॉवेलमध्ये गुंडाळून, मांडीवर घेऊन मी रात्रीच्या बसने पुण्याला गेले. तिथे लिनक्स असलेल्या लॅपटॉपला जोडून 'डीडीरेस्क्यू' नावाची मोफत आज्ञावली लावली. तिची पद्धत परीक्षेतल्या शहाण्या मुलासारखी आहे. जे प्रश्न येतात ते आधी सोडवायचे. अडलेल्याची खूण करून पुढे जायचं आणि शेवटी पुन्हा त्यांच्याकडे वळायचं. कुठवर आलो याची ती वही ठेवते, त्यामुळे मध्ये थांबून डिस्क गार करता येते. चांगला भाग एका सकाळीत उतरला. उरलेल्या थोड्या भागाला दोन रात्री लागल्या. मी टेबलफॅन लावून शेजारी बसून होते. या वेळी शिरा नव्हता.

जवळजवळ सगळं उतरलं. ज्या जागा शेवटपर्यंत वाचता आल्या नाहीत, त्यांतल्या काही नेमक्या अनुक्रमणिकेवर होत्या. पुस्तकाची पानं शाबूत, पण अनुक्रमणिकेचं पान फाटलेलं. मग नकलेवर दुसरी आज्ञावली चालवली. ती अनुक्रमणिका बघतच नाही, प्रत्येक फोटोच्या सुरुवातीला असणारी ठरावीक खूण शोधत जाते. फोटो मिळाले. पण सरांनी संध्याकाळी बसून दिलेली नावं अनुक्रमणिकेत होती. सुमारे अठराशे फोटो नावाशिवाय आले. नुसते आकडे.

त्यानंतरचं तुम्हाला माहीत आहे. आपल्या ग्रुपवर दर रविवारी वीस फोटो, आणि 'ओळखा पाहू'. तुम्ही मला काय काय बोललात! पण दुबईतून, बंगळुरूतून, मिरजेतून उत्तरं येत गेली. गणिताच्या बाईंनी तर चष्मा न लावता तीन तुकड्या ओळखल्या.

एक फोटो राहिला. आपली आठवीची सहल, दंडोबाचा डोंगर. सगळे देवळापुढे दाटीने उभे आहेत आणि कडेला एक मुलगी, दोन्ही हातांत सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन. तीन रविवार कोणी नाव सांगेना. शेवटी मी शिपाईमामांच्या घरी गेले. मामांनी फोटो हातात घेतला आणि नाव, आडनाव, तुकडी सगळं सांगितलं. वडील ऊसतोडीला यायचे, मुलीला इथे मावशीकडे ठेवलं होतं. आठवीनंतर ती गेली. मग मामा म्हणाले, "तू तर तिच्या मागच्याच बाकावर बसायचीस की."

बसायचे. वर्षभर. मामांनी सांगितल्यावर तिची वेणी आठवली, तिचा आवाज नाही. तिचं नाव मी तिला न विचारता माइकवरून घेत नाही, पण फोटोखाली ते लिहिलं आहे. कोणाला तिचा ठावठिकाणा माहीत असेल तर जेवणाच्या सुट्टीत मला नक्की भेटा.

आता घरी गेल्यावर करायच्या चार गोष्टी.

डिस्क आवाज करू लागली तर आधी केबल आणि जोडणीची जागा बदलून बघा, एकदाच. तरीही आवाज आला तर बंद करा. प्रत्येक चालू-बंद तिचं आयुष्य खातं.

फॉरमॅट विचारलं तर 'नाही' म्हणा. सरांसारखे.

दिसायला लागलं म्हणून हुरळू नका. आधी नक्कल. इंजिनिअर असाल तर दुप्पट लक्षात ठेवा.

आणि मोलाच्या गोष्टीच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. आपल्या फोटोंची एक प्रत आता शाळेत आहे, एक सरांकडे वरच्या मजल्यावर, आणि एक पुण्यात माझ्या कपाटात. कृष्णामाईला तिघींना एकदम गाठता यायचं नाही. नावांची यादी मात्र कागदावरही छापली आहे.

व्हरांड्याच्या टोकाला एक टेबल आहे. त्यावर अजून २१२ फोटो बिननावाचे आहेत आणि शेजारी पेन्सिली ठेवल्या आहेत. पेन नाहीत, कारण सर म्हणाले, चुकलं तर खोडता आलं पाहिजे. जेवायला जाण्याआधी प्रत्येकाने निदान एका फोटोमागे नाव लिहावं, ही विनंती.